कोरा कॉम्प्युटर

वाचनालयाच्या बाईंना आपल्या वाचनालयाचा भारी अभिमान, आणि तो त्या कधी लपवत नसत. पंखा कुरकुरायचा, कपाटांची दारं ढकलल्याशिवाय लागायची नाहीत, पण बाई ताठ मानेनं सांगायच्या, "आमचं दार सगळ्यांना उघडं. आणि कुणी काय वाचलं, ते या भिंतींबाहेर जात नाही." खिडकीजवळच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरलाही हाच नियम. नवीन माणूस बसला की बाई आधी बजावत, "उठताना खुर्ची आत सारायची आणि कुकीज पुसायच्या." लोक हसायचे. बाई हसायच्या नाहीत.

लाँड्रीवाल्याची बहीण पहिल्यांदा आली ती रडकुंडीला येऊनच. आईवडील गेल्यावर भावानंच तिला वाढवलेलं, दुकान आता दोघं मिळून चालवत होते. तिला दूरच्या शहरातल्या एका संस्थेत जाऊन कृत्रिम हातपाय बनवायला शिकायचं होतं. दादाला हे सांगायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिनं एकदा चोरून त्या संस्थेची साइट पाहिली आणि पंचाईत झाली.

"बाई, तेव्हापासून काहीही उघडलं की कडेला त्याच संस्थेची जाहिरात. दादा बिलं करायला बसला तरी तीच. यांना कुणी सांगितलं?"

"तूच की," बाई म्हणाल्या. "साइट उघडलीस की ती ब्राउझरमध्ये एक बारीकशी चिठ्ठी ठेवून देते. तीच कुकी. पुढच्या वेळी ती चिठ्ठी बघून तुला ओळखते. तेवढं सोयीचं आहे, नाहीतर दर पानाला पासवर्ड टाकत बसशील. पण त्याच पानावरून जाहिरातवालेही आपली चिठ्ठी घुसडतात आणि मग जाशील तिथं पिच्छा पुरवतात."

"मी परवानगी कधी दिली?"

"‘सगळं मान्य’ असं भलंमोठं बटण दाबलं असशील. सगळेच दाबतात. ‘नको’ म्हणायची सोय आत सेटिंग्जमध्ये दडवलेली असते. त्याला परवानगी म्हणायचं की गळ्यात मारणं, तूच सांग."

बाईंनी तिला सगळं दाखवलं: गरजेच्या तेवढ्या कुकीज ठेवून बाकीच्यांना नकार कसा द्यायचा, परक्या साइटच्या कायमच्या बंद कशा करायच्या, उठण्याआधी सगळं साफ कसं करायचं. पोरगी चलाख. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिनं स्वतः जाऊन बंदोबस्त केला आणि जाहिराती थांबल्या. पण दादानं पाहायचं ते तोवर पाहिलं होतं.

अर्ज तिनं वाचनालयात बसून भरला आणि निवड झाली का ते बघायला येऊ लागली. तिच्या नावानं आत गेलं की ‘अर्ज मागे घ्या’ हे बटण अगदी समोरच होतं. तिनं ते दाखवल्यापासून बाई तिला दर वेळी दोनदा बजावत, "उठताना सगळं पुसायचं हं."

एका दुपारी नव्या पुस्तकांची खोकी आली. बाई मागच्या खोलीत ती उतरवून घेत असताना कॉम्प्युटरवर बसलेली पोरगी बाहेरूनच "येते हं बाई" म्हणाली आणि गेली. बाई हात झटकत बाहेर आल्या, तर दारात तिचा भाऊ उभा. बाहीला खळीचा पांढरा डाग, चेहरा उतरलेला.

"माझी बहीण इथं बसते ना?"

"इथं बरेच जण बसतात."

"ती काय करते हो इथं?"

"ते आम्ही विचारत नाही आणि सांगतही नाही."

तो कॉम्प्युटरकडे बघत राहिला. "दुकानात सारखी ज्या संस्थेची जाहिरात यायची, तिथं अर्ज केलाय तिनं, नक्की. मला न सांगता. तो अर्ज रद्द करायचाय मला. मी बसू शकतो ना इथं?"

नाही म्हणावं असं बाईंना फार वाटलं. पण दार सगळ्यांना उघडं, हे आयुष्यभर मिरवलेलं. आता कुठल्या तोंडानं अडवणार? "बसा," त्या म्हणाल्या. खुर्ची आत सारलेली दिसली, पण बाकीचं पोरीनं केलं होतं की घाईत राहून गेलं होतं, देव जाणे. बाई टेबलाशी जाऊन पुस्तकांवर शिक्के मारायला लागल्या. एक शिक्का उलटा पडला.

"ही साइट नाव आणि पासवर्ड मागतेय," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"मग ती तुम्हाला ओळखत नसणार," बाई म्हणाल्या. आवाज साधा ठेवला, पण ऊर अभिमानानं भरून आला होता. माझी पोरगी, त्या मनात म्हणाल्या. तिनं मागे काहीसुद्धा ठेवलं नव्हतं.

आता तो उठेल असं त्यांना वाटलं. तो उठला नाही. पुढं वाकून वाचत बसला, पानामागून पान. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. बाईंनी तिकडे डोकावून पाहिलं नाही. तो त्यांचा नियम होता. बऱ्याच वेळानं तो घसा खाकरून म्हणाला, "हे मी पाहिलं ते तिला दिसायला नको. पुसता येतं का हो?"

"येतं की. शिकवते." आणि बाईंनी त्याच्या बहिणीला शिकवलं होतं तसंच त्यालाही सगळं शिकवलं. जाताना त्यानं खुर्ची आत सारली.

दुसऱ्या दिवशी पोरगी धापा टाकत आली.

"बाई, मी काल काही विसरले का? काही राहून गेलं होतं?"

"का गं?"

"सकाळी दादा मान वर न करता म्हणाला, तिथं खोलीत इस्त्री वापरू देत नाहीत म्हणे, मग कपड्यांचं काय करणार आहेस? मी गारच पडले. तर म्हणाला, जाताना सगळे इथूनच कडक करून देतो. सुट्टीला येशील तेव्हा पुन्हा करू." तिचे डोळे भरून आले. "इस्त्रीचा नियम तर तिथल्या वसतिगृहाच्या पानावर आहे, बाई. त्याला कसा कळला?"

सांगायला बाईंची जीभ नुसती वळवळत होती. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवणं सोपं नव्हतं. त्यांनी एक पुस्तक उचललं, त्यावरची नसलेली धूळ झटकली आणि ताकास तूर लागू दिली नाही.

"ते मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "पण तू काही विसरली नव्हतीस. तू उठलीस तेव्हा तो कॉम्प्युटर अगदी कोरा होता."