परतीचा पाइप

"बास करा आता, गार येतंय," बायको गाडीतून म्हणाली.

तो बॉनेटखाली वाकलेला तसाच राहिला. इंजिन चालू, एसी पूर्ण, उजव्या हातात गॅसचा दुसरा डबा आणि डाव्या मुठीत परतीचा पाइप, गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणारा. हा पाइप मुठीला गार लागला की गॅस पुरेसा झाला, हा त्याचा बत्तीस वर्षांचा हिशेब. गुडघ्यांमुळे दुकान बंद केलं, तोवर हयात फ्रिज दुरुस्त करण्यात गेली. गॅसचा दाब मोजणारा मीटर नवशिक्यांनी लावावा, असं तो म्हणे. त्याच्या पेटीतला मीटर गाडीला बसलाही नसता.

पाइप अजून गार लागत नव्हता.

तीनच्या आत इस्पितळ गाठायचं होतं, रस्ता दोन तासांचा. तिच्या आजाराला उष्णता सोसत नसे. अंग तापलं की पाय लुळे पडत. गेल्या खेपेला एसीने वाटेतच दगा दिला. तिला उभंही राहता येईना, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन न देताच परत पाठवलं. आजची तारीख हुकली तर पुढची अडीच महिन्यांनी. गॅरेजवाला परवाशिवाय गाडीला हात लावायला तयार नव्हता.

डबा संपला. खट् आवाज झाला, कॉम्प्रेसर थांबला. गाडीत गरम हवा येऊ लागली. गॅस जास्त भरला की असंच होतं, हे तो शिकाऊ पोरांना ओरडून सांगत आला होता.

ती गाडीचा आधार घेत पुढे आली. पाइपला बोटं लावली आणि झटकन काढली.

"अहो, बर्फ झालाय हा. तुम्ही धरलाय कसा?"

त्याने मूठ उघडली. बोटं लालबुंद झाली होती.

"हाताला कळत नाही, हे कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"म्हणजे दुकान गुडघ्यांमुळे नाही बंद केलंत."

"गुडघेही दुखतात की."

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. पाऊण वाजला होता.

जास्तीचा गॅस सोडायचा, पण थांबायचं कुठे ते त्याच्या हाताला कळणार नव्हतं. तिला इंजिनाच्या धगीपाशी बसवणं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनेच स्टूल ओढलं आणि पाइपवर हात ठेवला. तो थोडा थोडा गॅस सोडत राहिला. कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला.

"कोमट," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "अजून कोमटच." तिचा चेहरा तांबडा झाला होता, शब्द जड येत होते. राहू दे, आज नको जायला, असं त्याने दोनदा म्हणून पाहिलं. तिने हात काढला नाही.

"गार. बास."

ती उठायला गेली, पण पाय उठले नाहीत.

त्याने तिला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. आत छान गार झालं होतं. बॉनेट बंद करून तो तिच्या दाराशी घुटमळला.

"चला," ती म्हणाली. "दोन तास आहेत पायांना सावरायला."

त्याने गाडी काढली. तिने चपला सोडल्या होत्या. प्रत्येक वळणाला त्याची नजर तिच्या पायाच्या अंगठ्याकडे जाई.

"तुम्ही समोर बघा," ती म्हणाली. "हलला तर सांगते."