उठून जायची रीत

मेंढीचं वय तिच्या दातांवरून कळतं, एवढं जालिंदरला ठाऊक होतं.

मंचरच्या दवाखान्यात त्याच्या बायकोला, रत्नाला, आज खिडकीजवळची खाट मिळाली.

महिनाअखेरीला समोरच्या शोरूममधली हर्षाली डबा उघडत नाही, नुसता टेबलावर ठेवते.

पिकअपमधल्या बटाट्याच्या गोण्यांवर पाठ टेकत नाही. हातातली सुई नुकतीच काढलेली असेल तर कडेची दोरीही धरता येत नाही.

बाजारात उठून गेल्याशिवाय भाव होत नाही.

"काका, बॉनेट उघडून दाखवू का?" हर्षालीनं विचारलं.

जालिंदर शोरूममधल्या पांढऱ्या गाडीभोवती दुसरी फेरी मारत होता. पहिल्या फेरीत बोलायचं नसतं, दुसरीत खोड काढायची असते. त्यानं चाक दाबून पाहिलं, दाराच्या कडेवरून बोटं फिरवली आणि चार पावलं मागं सरून मान वाकडी केली.

"तोंड लई बसकं हाय हिचं."

"तोंड?" हर्षाली हसली. "मॉडेलच तसंय काका."

"आन बुटकी. आमच्या पठारावं दगडं बघितलीत का?"

"मी आळ्याची आहे. आमच्याकडं हीच गाडी आहे. बांधापर्यंत जाते, खोटं नाही सांगत. कुणासाठी घेताय? मुलासाठी?"

"अशीच," जालिंदर म्हणाला. "हौस."

हौस कसली! त्याची वस्ती पेठ गावाच्या वर, पठारावर, डांबरी सडकेपासून आत. आठवड्यातून तीनदा रत्नाला डायलिसिसला मंचरला आणायचं. बटाट्याचा पिकअप मिळाला तर पिकअप, दुधाची गाडी मिळाली तर ती. मागच्या पंधरवड्यात दोन खेपा हुकल्या. दुसऱ्या खेपेला तिचे पाय सुजून टम्म झाले, श्वास पुरेना. त्यातून सावरल्यावर ती म्हणाली, "आता मला न्हेऊ नका. आधी गाडीसाठी सडकंला हुबं ऱ्हायचं, मग सुई टोचून घ्यायची. दोन्ही नगं." रागानं म्हणाली असती तर जालिंदरला बरं वाटलं असतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, मीठ संपलंय म्हणावं तसं.

"म्हैनाअखेरपातुर गाडी दारात आणतो," तो म्हणाला होता. "तवर चल."

तवर ती येत होती. मेंढरं विकून झाली होती, पैसे बँकेत पडले होते. जुनी गाडी घ्यायची नाही हे पक्कं होतं. चढाला बंद पडली तर रत्नाला पाठीवर घेऊन कुठं जायचं?

"हे बघा काका," हर्षालीनं कागद पुढं सरकवला. "मागच्या वर्षीच्या मेकची ही एकच राहिलीय. नवीन मेकची पाच लाख ऐंशीला जाते, ही पाच-तीसला, सगळं धरून. पण आज महिनाअखेर, स्कीम आजच्यापुरती."

बँकेत बरोबर तेवढेच होते. मग पेट्रोल कशात घालायचं? रत्नाची इंजेक्शनं? आणि तेवढंच नव्हतं. जालिंदरचे वडील, धर्माजी, चाकणच्या बाजारात त्याला खांद्यावर बसवून न्यायचे. ते सांगायचे, समोरच्याचा पहिला भाव म्हंजी भाव नसतो. ती शीळ असती. कोण वळून बघतंय ते तो बघतो. गरज दिसली की मेलास.

"चार-साठ," जालिंदर म्हणाला.

"काका!"

"बरं, चार-सत्तर. तुमचं बी ऱ्हाऊ द्या, माझं बी ऱ्हाऊ द्या."

"असं नसतं हो इथं. भाव वरून कॉम्प्युटरवर येतो. आमच्या सुभाष सरांच्यासुद्धा हातात नाही. फार तर पायातल्या मॅट देते फुकट."

"मॅटवं बसून जाऊ व्हय पेठेला?"

हर्षालीला हसू आलं. ते पाहून जालिंदरच्या जिवात जीव आला. समोरचा हसला म्हणजे बोलणं निम्म्यावर आलं. तो उठला, खांद्यावरचा टॉवेल झटकला.

"येतो मग."

"काका, ऐका माझं. उठून गेलेल्या माणसाच्या मागं इथं कुणी येत नाही."

बाजारात मेंढरं घेणारा हेडीसुद्धा अगदी हेच म्हणतो. जालिंदर मनातल्या मनात सुखावला.

तो सावकाश चालला. मागं वळून बघायचं नसतं. दाराशी वहाणेतला खडा काढायला थांबायचं, तेवढ्यात हाक येते. त्याच्या वहाणेत खडा नव्हता, तरी त्यानं ती काढली, झटकली, पुन्हा घातली. एक जोडपं त्याच्या शेजारून आत शिरलं, नवरा फोनवर बोलत होता. काचेचं दार आपोआप मिटलं.

तो महामार्ग ओलांडून टपरीवर बसला, शोरूमकडं पाठ करून. समोर दवाखान्याची खिडकी होती. चहा संपला. त्यानं दुसरा मागवला. आता माणूस येईल, "पावणं, चला, शेवटचं सांगतो" म्हणेल. आपण लगेच उठायचं नाही. हा घोट घेऊन उठायचं.

मागं टाळ्या वाजल्या.

त्यानं वळून पाहिलं. पांढऱ्या गाडीला झेंडूचा हार होता. मघाचं जोडपं पुठ्ठ्याची भलीमोठी चावी धरून फोटोला उभं होतं. नवऱ्याच्या कानाला फोन तसाच होता. कुणीतरी नारळ फोडला.

जालिंदर चहा टाकून पळत सुटला. एका ट्रकनं करकचून ब्रेक दाबला, ड्रायव्हरनं शिवी हासडली. ती त्याला ऐकू आली नाही.

"ती... ती पांढरी?"

"गेली काका."

"पाच-तीस देतो. आत्ता देतो. तुमी म्हनला तेवढंच."

"ते त्या गाडीचं होतं. आता नवीन मेकची, पाच-ऐंशीला."

"तेवढं न्हाईत वो ताई." त्यानं टॉवेल तोंडाशी नेला, परत खाली घेतला. "बायकू हाय समोरच्या दवाखान्यात. सुई लावून पडलीया. आज गाडी न्हाई झाली तर ती परत यायची न्हाई म्हनती."

हर्षालीनं हातातला कागद खाली ठेवला.

"हे मगाशी का नाही बोललात काका? मी धरून ठेवली असती संध्याकाळपर्यंत."

बाजारात असं कुणी बोलतं का?

ती आतल्या केबिनमध्ये गेली. काचेपलीकडं सुभाष सरांनी आधी कॉम्प्युटरकडं, मग जालिंदरकडं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. माणूस वाईट दिसत नव्हता. हर्षाली पाण्याचा ग्लास घेऊन आली. "पुढच्या महिन्यात स्कीम आली तर पहिला फोन तुम्हाला करते."

"पुढच्या म्हैन्यात," जालिंदर म्हणाला. त्यानं पाणी पिऊन टाकलं.

रत्ना खाटेवर उठून बसली होती, दंडावरचा कापूस दाबून.

"झाली का गाडी?"

"रंग पसंत पडंना."

"कंचा व्हता?"

"पांढरा."

"पांढरा ब्येस असतो की वो. लांबनं दिसतो."

तिनं त्याच्या तोंडाकडं एकदाच पाहिलं आणि पायांनी चपला चाचपू लागली.

दिवस कलता कलता पेठेकडं जाणारा पिकअप थांबला. केबिन भरली होती. मागं रिकाम्या गोण्यांचा ढीग होता. जालिंदरनं रत्नाला उचलून वर बसवलं, स्वतः फाळक्याला टेकला आणि तिची पाठ आपल्या छातीला टेकवून घेतली. ती काही हलकी नव्हती. अंगावरचं पाणी पुरतं उतरलं नव्हतं. गाडी खड्ड्यात आपटली की तो दोन्ही पायांनी जोर देऊन तिला सावरायचा.

"परवा यायचं हाय," तो तिच्या कानाशी म्हणाला.

रत्नानं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. वारा होता.

"आलीस तर..." तो म्हणाला आणि खांद्यावरचा टॉवेल तिच्या अंगावर ओढला.

मेंढरं विकली त्या शनिवारी चाकणच्या बाजारात गाडीच्या घाईत जालिंदरनं भाव केला नव्हता. पहिला हेडी जो आकडा बोलला, त्याला तो हो म्हणाला होता.