झंझावीर आणि रागिणीची आरोळी

‘झंझावीर’ या नव्या महामालिकेचा ट्रेलर रविवारी सकाळी यायचा होता. बाकीच्या महाराष्ट्राने तो कुठेही बसून पाहावा, दहावी ‘ब’ने मात्र शेंदूरजनाघाटच्या शिवारात, रागिणीच्या मळ्यातल्या घरीच पाहावा, असं रागिणीने परस्पर ठरवून टाकलं होतं. कारण ट्रेलरमध्ये ती होती. नुसती होती असं नाही, चक्क बोलत होती! ही बातमी तिने वर्गात, प्रार्थनेच्या रांगेत आणि शिकवणीच्या जिन्यात इतक्या वेळा सांगितली होती की निम्म्या वर्गाला ती पाठ झाली होती.

गेल्या वर्षीपर्यंत हीच रागिणी हजेरीला ‘हजर’ इतकं हळू म्हणायची की सर गैरहजेरी मांडून मोकळे व्हायचे. मग मे महिन्यात झंझावीरवाले तिच्या बाबांच्या, म्हणजे खुशालरावांच्या संत्र्याच्या बागेत शूटिंगला आले. राक्षस येतो तेव्हा किंचाळायला त्यांना गावातली एक मुलगी हवी होती. बाकीच्या मुलींनी ओढणी तोंडाशी धरून लाजत लाजत किंचाळून दाखवलं. रागिणीने डोळे मिटले आणि ‘धावा वो बाप्पा, धावा!’ अशी आरोळी ठोकली की आवाजवाल्या दादाने कानावरचा हेडफोन काढून फेकला. आपल्याकडे आवाज नावाची वस्तू आहे हा शोध तिला तेव्हा लागला, आणि मग तिने ती वस्तू कधी झाकून ठेवली नाही. वक्तृत्वाची ढाल, पंधरा ऑगस्टचं सूत्रसंचालन, सगळं त्या आरोळीच्या मागोमाग घरी आलं.

तर ट्रेलर सुरू झाला. गोष्ट अशी, की तमासुर नावाचा राक्षस वऱ्हाडचं ऊन चोरायला येतो. म्हणजे लेखकाने उन्हाळ्यात अकोला पाहिलेलंच नव्हतं. पाहिलं असतं तर त्याने राक्षसालाच हीरो केला असता.

वर्गातला शुभम मोबाईलवर लोकांच्या कमेंटी वाचत होता. ‘अकोल्याचा एक जन म्हनते, घेऊन जा भाऊ, वरतून डबा बांधून देतो. अन् मूर्तिजापूरवाला इचारून राहिला, राक्षसाले परत काहून पाठवलं?’

तेवढ्यात काळ्या चामड्याचा सूट आणि मागे झूल अशा थाटात झंझावीर आभाळातून उतरला.

‘मे महिन्यात चामडं!’ रागिणीची मोठी आई, म्हणजे थोरली काकू, गोदाबाई कळवळली. ‘लेकराच्या पाठीले घामोळ्या झाल्या असतीन.’

‘मोठ्याई, तो हीरो आहे!’

‘मंग? हीरोले पाठ नसते काय?’

झंझावीर छाती काढून म्हणाला, ‘भिऊन नको राहून, मी आलो आहे ना बे!’

‘हे वऱ्हाडी यायनं ऑनलाइन मागवली वाटते,’ शुभम म्हणाला.

पुढचंच दृश्य रागिणीचं होतं. ती सरसावून बसली. करिश्माकडे, म्हणजे पुढच्या बाकावरच्या जन्मजात परीक्षकाकडे, तिने एकदा पाहून घेतलं. आणि नेमके तेव्हाच शेजारच्या बागेतले म्हातारे पुंजाजी ओरडले, ‘थांबव! थांबव थो टीव्ही!’

ट्रेलर थांबला. पुंजाजी काठी टेकत टीव्हीपाशी गेले, डोळे बारीक करून त्यांनी पडद्यावरचं फळांनी लगडलेलं झाड न्याहाळलं.

‘खुशाल, हे संत्रं नाही. साल कशी चिकटून आहे पाह्य. किन्नू आहे हा! पंजाबचा किन्नू!’

खुशालरावांनी दुपट्ट्याने कपाळ पुसलं. ‘मृगात बहार फुटावा म्हनून पानी तोडलं होतं ना, पुंजाजी. बाग ताणावर होती, झाडावर फळ कुठून असीन? त्यायनं शहरातून किन्नू आनला अन् दोऱ्यानं बांधला.’

‘अन् तू बांधू देला? आपल्या झाडाले?’

तिकडे तमासुर अख्ख्या वऱ्हाडावर झेप घ्यायच्या बेतात टीव्हीवर गोठून उभा होता, पण त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. सालीवर चर्चा झाली, मग फोडींवर, मग खुशालरावांच्या वडलांवर, की ते असते तर काय म्हणाले असते. रागिणीने शेवटी स्वतःच उठून ट्रेलर चालू केला.

आणि ती आली. पडदाभर तिचा चेहरा, विस्फारलेले डोळे, उघडलेलं तोंड. त्या तोंडातून शब्द आले, ‘कुणी आहे का तिथे? कृपया मला वाचवा ना!’

आवाज मधात बुडवलेला होता. हॉटेलात शेजारच्या टेबलावरचं मीठ मागावं तसा. आणि तो रागिणीचा नव्हता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गोदाबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. ‘काय शुद्ध बोलते माय पोट्टी! बातम्यावाली बाई वाटून राहिली.’ खुशालरावांचे डोळे भरून आले. पुंजाजींनी तर किन्नूसुद्धा माफ केला.

रागिणी तशीच उभी राहिली. झाडाला परका किन्नू बांधावा तसा तिच्या तोंडाला कुण्या ताईचा आवाज बांधला होता, आणि सालीवरून फळ ओळखणाऱ्या या माणसांना घरच्या पोरीचा आवाज ओळखू आला नव्हता!

‘तूच बोलली ना हे?’ करिश्माने विचारलं. अगदी गोड.

सगळे वळले. नुसती मान हलवायची होती. मान हलायला निघालीही. कौतुक तर आयतं चालून आलं होतं. पण मग उद्यापासून हाच आवाज काढावा लागला असता. वर्गात, लग्नात, गोदाबाईंच्या माहेरी. आणि खरा आवाज पुन्हा ‘हजर’एवढा लहान झाला असता.

‘नाही,’ रागिणी म्हणाली. ‘तोंड माझं आहे. आवाज त्यायनं काढून टाकला.’

‘पन हा चांगला आहे ना, बेटा,’ खुशालराव म्हणाले. ‘काय बिघडलं?’

हे मात्र तिला लागलं.

‘बाबा, राक्षस अंगावर आल्यावर कृपया कोन म्हनते?’

‘मंग म्हनून दाखव,’ करिश्माने हात बांधले.

रागिणी दारात गेली. डोळे मिटले.

‘धावा वो बाप्पा, धावा!’

झाडांवरचे पोपट भर्रकन उडाले. शुभमचा मोबाईल मांडीवरून घसरला. टाळी एकही वाजली नाही.

मग धुऱ्याकडून, म्हणजे शेताच्या बांधाकडून, धपधप आवाज आला आणि शेजारचे सहदेवकाका काठी घेऊन अंगणात घुसले. अंगावर टॉवेल, डोक्याला फेस, एका पायात चप्पल. मागून त्यांचे दोन मजूर, विळे घेऊन.

‘कुठी आहे रानडुक्कर? कोनाले मारलं?’

‘डुक्कर नाही, सहदेव,’ खुशालराव चाचरले. ‘पोट्टीनं डायलॉग म्हटला.’

‘डायलॉग? मी इहिरीवरची आंघोळ टाकून आलो बे!’

हसून हसून गोदाबाईंना ठसका लागला. करिश्मा हसली नाही. ती दारातून धुऱ्यापलीकडे पाहत होती. ‘तुमची विहीर तं पार नाल्याच्या तिकडे आहे ना, काका?’

‘मंग कुठी असीन?’

करिश्माने बांधलेले हात सोडले.

रागिणीने पळत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. चेहरा ओशाळा करायचा तिने फार प्रयत्न केला, पण तो ऐकेना. सहदेवकाका घटाघट पाणी प्यायले आणि त्यांनी तिच्यावर काठी रोखली.

‘पोरी, खरंच कोनी अंगावर आलं तं असीच बोंबलजो. पन माह्या आंघोळीच्या टायमाले नाही.’

‘हो, काका,’ रागिणी म्हणाली. ‘अन् कानामागं साबन राहिला तुमच्या.’