हाड साफ आहे

दोष गुणवंतरावांचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा वाटा कोणी विचारणार नाही.

मी नूरुद्दीनभाऊंच्या उजव्या पायाचा एक्स-रे बोलतोय. जन्म चंद्रपूरचा. यंत्रातून कोमट बाहेर पडलो आणि लगेच स्वतःला शहाणा समजायला लागलो.

नूरुद्दीनभाऊ मुलचेऱ्याचे टेलर. सारा जन्म पायमशीनवर गेला. शुगरनं तळपाय बधिर झालेले, त्यामुळे मशीनच्या लोखंडी पायट्यानं अंगठ्याखाली जखम केली ती त्यांना कळलीच नाही. भरेना, तेव्हा मुलगी शाजिया त्यांना ओढतच चंद्रपूरला घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी जखमेत बोथट सळई घातली. आत टणक लागलं. सळई हाडाला टेकतेय म्हणजे हाडात जंतू शिरल्याची दाट शंका आहे, असं त्या म्हणाल्या. मग मला काढलं. मी स्वच्छ निघालो.

"याच्या भरवशावर राहू नका," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. हाडाचा बिघाड एक्स-रेत उशिरा दिसतो. गोळ्या चालू ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा काढून याच्याशी ताडून पाहू. म्हणजे माझी शाळा दोन इयत्तांची, आणि मी पहिलीतच ती सोडलेली. अर्धवटच जास्त मिरवतात.

दुकानासमोर मला उन्हात धरलं. रिटायर हेडमास्तर गुणवंतरावांनी चष्मा पुसला, मान तिरकी केली. आमच्याकडे केस पांढरे झाले की माणूस आपोआप डॉक्टर होतो.

"हाड साफ आहे, भाऊ. लेकरायचे पेपर तपासण्यात जिंदगी गेली माही, मले एक हाड समजत नाई काय?"

मला लाज वाटायला हवी होती. मी उन्हात आणखी चमकलो.

नूरुद्दीनभाऊंनी मला खिडकीत टांगलं. पायाचं कोणी विचारलं की कैचीनं माझ्याकडे दाखवायचे. माप द्यायला आलेली माणसं माझ्याकडे बघून माना डोलवायची. गोळ्या संपल्या, त्या परत आणल्या नाहीत. अंगठा सुजून वांग्यासारखा झाला.

"अब्बा, परत बोलावलं होतं. काऊन जात नाई?" शाजियानं विचारलं.

"मास्तरपेक्षा तुले जास्त समजते? तो पाह्य खिडकीत. साफ आहे."

"तो जुना आहे, अब्बा. पाय आजचा आहे."

त्या दुकानात एवढं एकच शहाणं वाक्य बोललं गेलं. बोलणारी सगळ्यांत लहान, म्हणून वाया गेलं.

थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुठे चंद्रपूरला गेले. दुसरा एक्स-रे निघाला. उजेडाच्या पेटीवर आम्ही दोघं शेजारी. त्याच्यात अंगठ्याचं हाड घुशीनं कुरतडल्यासारखं. माझ्यात तेच हाड, नवंकोरं. मला खाली उतरायचं होतं, पण चिमट्यानं धरलेलं.

गुणवंतराव दवाखान्यात भेटायला आले. नशीब असते एकेकाचं, म्हणाले. चहा पिऊन गेले.

आता दुकान शाजिया चालवते. तिनं मला खिडकीतून काढलं आणि कापून कॉलरचा फर्मा केला. हे काम मला जमतं. माझ्यावरून आखलेली कॉलर सरळ येते, आणि माझं मत कोणी विचारत नाही. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला उन्हात धरू नका. ज्यानं काढायला लावला त्याच्याकडे परत न्या, वेळेवर.

नूरुद्दीनभाऊंचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कापली. पायमशीन आता त्यांच्याच्यानं चालत नाही.