केशरी ओढणीची मानकरी

मी एक जुनी केशरी ओढणी आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेज शहरात, ख्रिस्ती प्रार्थनाघरातल्या, दगडी पेटीत माझा मुक्काम आहे. सणाच्या दिवशी मला बाहेर काढतात तेव्हा माणसांची झुंबड उडते. कौतुकाला तोटा नाही. पण मित्रांनो, ते कौतुक भलत्याच नावाने होते आणि तेच मला सलते.

अरिशात नावाच्या बाईने मला आपल्या मागावर विणले. लोकर तिने इतकी बारीक कातली, की घडी घातली तर मी मुठीत मावेन. आमच्याकडे नवरी अशी ओढणी डोक्यावरून घेऊनच सासरी जाते. अरिशातने थोरल्या लेकीला माझ्याखालूनच पाठवले. मग धाकट्या वेस्तियाचे लग्न रोगातुसशी ठरले, आणि मला पुन्हा उन्हात पसरण्यात आले. मी हरखून गेले होते.

पण वेस्तिया ख्रिस्ताच्या लोकांना जाऊन मिळाली होती. त्यांच्यातल्या कित्येक मुली देवासाठी जन्मभर कुमारी राहत.

"आई, मी लग्न नाही करणार. देवाला शब्द दिलाय," ती म्हणाली.

"देवाला सुना कमी पडल्या का गं? रोगातुसला काय सांगू? आमची मुलगी एका मेलेल्या सुताराच्या नावानं बसलीय म्हणून?"

रोगातुसला हा नकार फार झोंबला. त्याने सरळ जाऊन रोमन सुभेदाराकडे ती ख्रिस्ती असल्याची चुगली केली. त्या काळी ख्रिस्ती माणसाला सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप घालायला लावत. नाही घातला, तर आखाड्यात हिंस्र जनावरांपुढे सोडत. वेस्तियाने धूप घातला नाही.

सुभेदार अरिशातला म्हणाला, "अजून वेळ गेली नाही, बाई. चिमूटभर धूप घालू दे, लग्नाला उभी राहू दे. मी सोडतो तिला."

अरिशात मला पोटाशी धरून तुरुंगात धावली.

तिथे वेस्तियाशेजारी त्याच पेंढ्यावर नुंदिना नावाची दासी बसली होती. तीही ख्रिस्ती होती, तिलाही तीच शिक्षा झाली होती. पंथातल्या बायका भाकरी घेऊन येत, वेस्तियाच्या बेड्यांचे मुके घेत आणि नुंदिनाजवळून जाताना मात्र कपडे सावरून घेत. मालकाच्या तबेल्यात गेटा नावाचा दास होता. नुंदिना त्याच्याबरोबर राहत असे. दास-दासींचे लग्न रोमचा कायदा मानत नसे. शिवाय मालक बोलावी तेव्हा दासीला नाही म्हणायची सोय नव्हती. त्या बायकांनी सगळा दोष तिच्याच पदरात घातला होता. तिला भाकरी देई ती एकटी वेस्तिया, आपल्यातली अर्धी मोडून.

अरिशातने मला लेकीपुढे पसरले. "घे गं डोक्यावर. तुझ्या पाया पडते."

वेस्तियाला रडू आवरेना. "आई, मला नाही जमायचं. पण आणलीच आहेस, तर हिला घाल. हिनं गेटाला नवरा मानलंय. कुणी ओढणी घातली नाही, एवढंच राहिलंय."

"हिला? माझ्या हातची ओढणी दासीला?"

"आणि मालकाचं काय?" एक भाकरीवाली बाई मागून फणकारली.

तेव्हा नुंदिना पहिल्यांदा बोलली. "मालकानं मला विचारलं नव्हतं, बाई. गेटानं विचारलं. मी हो म्हटलं."

अरिशातची बोटे माझ्यात घट्ट रुतली होती. लेकीला वाचवायला आलेली ती आई, आता मला घडी घालून निघून जाईल असेच मला वाटले.

"इकडे सरक," ती नुंदिनाला म्हणाली. "डोकं खाली कर. केसांची काय दशा करून घेतलीयस!" तिने बोटांनी जटा सोडवल्या, मला नीट तिच्या कपाळापर्यंत ओढले, आणि मग लेकीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

सकाळी सगळ्यांना आखाड्याकडे नेले. पुढे पुरुषांच्या साखळीत गेटा होता; तोही ख्रिस्ती म्हणूनच पकडला गेला होता. त्याने मागे वळून पाहिले.

"नुंदिने! नवरी दिसतेस की!"

"लवकर सुचलं तुला," ती म्हणाली, आणि दोघेही हसले. वेस्तियाही हसली.

दारावरच्या पहारेकऱ्याने मला हिसकून धुळीत फेकले. अरिशातने मला उचलले. आतले मी पाहिले नाही. लोकांची आरोळी ऐकू आली तेव्हा तिने माझा बोळा करून कानांवर दाबला होता.

पुढे तीही त्याच पंथात गेली आणि मला इथे देऊन टाकले. आता पुजारी सांगतात, "ही पवित्र कुमारी वेस्तियाची ओढणी!" मुली मला कपाळी लावतात. वेस्तिया थोर होती, यात शंका नाही. पण तिने मला एकदाही डोक्यावर घेतले नाही! अरिशात होती तोवर ती भर सभेत उठून चूक सुधारायची. ती गेली आणि विषय मिटला.

मित्रांनो, माझ्या कडा विरल्या आहेत, आठवण म्हणून लोक धागे उपटून नेतात. तसे करू नका. जमले तर दोन टाके घाला. पण माझ्यापेक्षा माझी खरी हकीकत जपा. कुणी विचारले तर सांगा, ही ओढणी नुंदिनाची आहे. ती गेटाची बायको होती.