बोंब मारणारा प्रोग्राम

दोन ओळी लिहिल्या की समृद्धीला बरंच मिळणार होतं. बंगळूरच्या कंपनीतली नोकरी, तीही घरी बसून. त्या पगारात स्मृति नगरात भाड्याचं घर. बाबा, म्हणजे शामसुंदर, स्टील प्लांटमधून रिटायर होत होते. प्लांटचं सेक्टर २ मधलं क्वार्टर सोडायचं होतं. नोकरी हुकली, तर सगळ्यांना वर्ध्याला काकांच्या घरी, आणि आई रत्नमालाला थोरल्या जावेच्या हाताखाली पोळ्या लाटायला जावं लागणार होतं.

ओळी अशा: 'माझं चुकलं. झेनबाबांचं बरोबर.'

झेनबाबा म्हणजे त्या कंपनीचा मालक. प्रोग्रामिंगवाल्यांच्या एका फोरमवर तो या नावानं वावरायचा. तोंड न बघता समृद्धीशी त्याची महिनाभर जुंपली होती. प्रोग्रामला चुकीची माहिती मिळाली, तर त्यानं काय करावं? ही म्हणे, तिथंच थांबून बोंब मारावी. तो म्हणे, अंदाजानं काहीतरी भरावं आणि गुपचूप पुढं जावं. गिऱ्हाईक कशाला घाबरवायचं? समृद्धीनं त्याला असं धुतलं, की त्यानं नोकरीच देऊ केली. फक्त गिऱ्हाइकंही ते भांडण वाचत होती, म्हणून माफी तिथंच हवी होती.

"लिहून टाक ना वं," रत्नमाला म्हणाली. "मी तं तुह्या बाबाले रोज म्हनते, तुमचंच बरोबर. माह्यं काय झिजलं?"

"आई, वो अलग बात है. तू खोटं बोलून राहिली हे बाबाले माहीत असते."

शामसुंदरनं पेपर खाली केला. आतापर्यंत त्यानं पगाराशिवाय काही विचारलं नव्हतं. "भांडन आहे तरी कशाचं?"

"बाबा, तुमच्या कन्व्हेयरले दोरी असते ना? ओढली की पट्टा थांबते. हा म्हनते, दोरीच नको."

शामसुंदरनं पेपराची घडी घातली. ती दोरी त्यानंही एकदा ओढली होती. पट्ट्यावर माणूस दिसला म्हणून, निघाला गमछा. शिफ्टभर हसले सगळे. साहेब म्हणाले, 'हात चुकून लागला' असं लिहून द्या, मिटवतो. यानं लिहिलं, 'माणूस वाटला म्हणून ओढली. पुन्हा वाटला तर पुन्हा ओढीन.' प्रमोशन शेजाऱ्याला मिळालं.

"दोरीच नको म्हन्ते?"

"हो ना."

"पट्ट्याजवळ उभा राह्यला का कधी तो?"

"एसीत बसते."

"मंग नको लिहू माफी. गमछा निघाला तरी चालते, पन दोरी पाह्यजे."

"घ्या! एक हट्टी होता, आता दोन झाले," रत्नमालानं कपाळावर हात मारला. समृद्धी लॅपटॉप मिटायला लागली, तशी रत्नमालाच ओरडली, "अवं थांब! जागा रिकामी नको सोडू. तो आपल्या अंदाजानं भरीन. साफ 'नाही' म्हनून लिही."

समृद्धीनं लिहिलं: 'माफी मिळणार नाही. तुमचा प्रोग्राम थांबायला शिकला की कळवा.' चहा उकळायच्या आत नोकरी गेली.

आता कुणाचं किती गेलं ते बघू. समृद्धीची नोकरी. शामसुंदरचं स्मृति नगर. झेनबाबाचं काय गेलं, ते त्याला अजून कळलेलं नाही. त्याच्याकडं काही बिघडलं तरी वाजत नाही. आणि सगळ्यात मोठा वाटा, नेहमीप्रमाणे, रत्नमालाचा. वर्ध्याला पहिल्याच दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "पोळी जाड झाली." रत्नमालानं लाटणं खाली ठेवलं आणि गॅस बंद केला.

त्या दिवशी सगळं घर उशिरा जेवलं.