माफ झालेला छज्जा

धाडच्या चर्चच्या दारावरचा नवा छज्जा पडणार होता, आणि हे साऱ्या मंडळीत फक्त दयारामला ठाऊक होतं, कारण त्याचं डिझाइन त्यानंच केलं होतं. उपासना संपली की टेकू काढायचे आणि छज्ज्याखाली पंगत बसवायची, असा बेत होता. आत लोक गात होते आणि दयारामचं सारं लक्ष दाराकडे होतं.

चूक तशी भीड न मोडल्याची. आधी नकाशात छज्ज्याला पुढे दोन खांब होते. मंडळीतले वडीलधारे पंजाबराव म्हणाले, लग्नातली गाडी थेट दाराशी लागली पाहिजे, खांब काढ. मोठ्या माणसाला नाही म्हणणं दयारामच्या रक्तातच नव्हतं. त्यानं खांब खोडले आणि सळ्या होत्या तशाच तळाला ठेवल्या. खांबांवर टेकलेल्या स्लॅबला ते चालतं. पण नुसत्या भिंतीतून पुढे आलेल्या छज्ज्याचा ताण वरच्या अंगाला येतो, तिथंच सळ्या लागतात. कॉलेजातलं पोरगंही हे सांगेल. इंजिनीअर दयारामसाहेबांना मात्र ते काल, दुसऱ्याच कुणाचा नकाशा तपासताना आठवलं.

साक्ष द्यायची वेळ आली. दर रविवारी कुणी ना कुणी उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगे. दयाराम उभा राहिला आणि आपण काय केलं ते सांगितलं. खांब, सळ्या, भीड, सगळं. छज्जा फोडावा लागेल, नवा मी बांधून देतो, हेही म्हणाला. बुलढाण्यातल्या ऑफिसवरची आपल्या नावाची पाटी उतरलेली त्याला दिसत होती.

मंडळी गहिवरली. पंचफुलाआत्यानं डोळ्याला पदर लावला. पंजाबरावांनी त्याला छातीशी धरलं. पाळकसाहेबांनी सर्वांच्या वतीनं क्षमा जाहीर केली आणि एक गाणं जास्तीचं झालं. इतकी भरघोस माफी धाडमध्ये आजवर कुणाला मिळाली नव्हती. मग पंजाबराव बाहेर गेले आणि बाह्या सरसावून टेकू काढायला लागले.

दयाराम धावला. "काका, टेकू काऊन काढून राह्यले?"

"माफ केलं ना बे तुले सगळ्याइनं," पंजाबराव मायेनं म्हणाले. "आता कायले फोडतं? विश्वास ठेव."

माफ केलेली गोष्ट पुन्हा उकरू नये, असं पाळकसाहेबांचंही मत पडलं. दयारामला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांचा राग आला. तो टेकूला पाठ लावून उभा राहिला.

"तुमी माफ केलं, देवानंही केलं असन. पन छज्ज्याले माफी समजत नाही काका, त्याले वजन समजते. ज्याइनं माफ केलं, त्याइनं माझ्यासंगं इथं खाली उभं राहावं. मंग काढा टेकू."

कुणी हललं नाही. म्हणजे पुढे हललं नाही. मागे बरेच जण हलले. टेकूंशेजारी लावलेली आपली मोटारसायकल पाळकसाहेबांनी हळूच बाजूला घेतली. माफी दिलेलीच आहे, पण ती इथूनच दिलेली बरी, असं पंचफुलाआत्यानं लिंबाखालून कळवलं.

पंजाबरावांनी सरसावलेल्या बाह्या खाली घेतल्या. मग ते घरी जाऊन स्वतःच घण घेऊन आले. पंगत लिंबाखाली बसली. टेकू तसेच ठेवून उद्यापासून वरून फोडायचं ठरलं.

जेवता जेवता पंजाबरावांना कल्पना सुचली. "दयाराम, फोडूनच राह्यलो तं नवा थोडा अजून पुढं घे. बस लागन खाली."

दयारामनं घास खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाला.

"नाही, काका."

"आमेन," पंचफुलाआत्या म्हणाली, आणि तिनं त्याला अजून भात वाढला.